शेतीला 10 टक्के निधी दिला तर आफ्रिकेतील भूक हटेल का?

आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पाचा 10 टक्के वाटा शेतीला देण्याचे कबूल केले आहे, तो खरोखर दिला तर तेथील भूक हटेल का, असे आपण विचारले आहे. केवळ टक्का गाठल्याने ती हटणार नाही, असे माझे ठाम मत आहे. 2003 मध्ये मापुटो येथे हे वचन दिले गेले आणि 2014 मध्ये मलाबो येथे ते पुन्हा देताना 2025 पर्यंत भूक संपवण्याचेही ठरले. फार थोड्या देशांनी ते पाळले. मलावीने मात्र अनेक वर्षे हा टक्का गाठला किंवा ओलांडला, म्हणून खरी परीक्षा तेथेच होते.

मी चार वर्षे मलावीतील कासुंगू जिल्ह्यात एका वाहतूक कंत्राटदाराच्या खत गोदामाचा पर्यवेक्षक होतो. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिंगू-वा-मुथारिका यांच्या सरकारने 2005-06 च्या हंगामापासून अनुदानित खताची योजना सुरू केली होती. तीत कूपनधारक कुटुंबाला मका पेरताना घालायच्या मिश्र खताची एक आणि युरियाची एक, अशी 50 किलोंची दोन पोती अत्यल्प किमतीत मिळत. एका वर्षी पाऊस नोव्हेंबरच्या अखेरीस वेळेवर पडला, मका गुडघाभर झाला, तरी आमच्याकडे फक्त युरिया होता. मिश्र खताचे ट्रक मोझांबिकमधील बैरा बंदराहून निघालेच नव्हते. दोन्ही पोती एकाच नोंदीवर द्यावीत, अर्धे कूपन वटवू नये, असा वरून आदेश होता.

एक बाई सलग तिसऱ्या दिवशी आली, ती मक्याचे एक रोप मुळासकट उपटून घेऊनच. पानांच्या कडा जांभळ्या पडल्या होत्या. स्फुरद कमी पडल्याची ती खूण आहे, हे मला लातूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा म्हणून कोणी सांगावे लागले नाही. ती म्हणाली, ते खत राहू द्या, निदान युरिया द्या. गुडघाभर मक्याला वरखत देण्याची वेळ तीच असते, म्हणजे तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मी वरिष्ठांना फोन केला. या लोकांना उशिराची सवय असते, असे उत्तर मिळाले आणि मी तिला परत पाठवले. मिश्र खत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले, तेव्हा तिने दोन्ही पोती नेली आणि आमच्या वहीत तिचे कूपन 'पूर्ण वाटप' या रकान्यात गेले. सरकारच्या खर्चातही ती दोन पोती धरली गेली असणार. टक्का भरला, कणीस भरले नाही.

हा उशीर कोणा एकाच्या आळसाने होत नव्हता. तेव्हा तेथील आर्थिक वर्ष जुलैत सुरू होई, त्यानंतर निविदा निघत, देशाला समुद्रकिनारा नसल्याने माल मोझांबिकसारख्या शेजाऱ्यांच्या बंदरांतून यावा लागे आणि परकीय चलन बहुतांशी तंबाखूच्या विक्रीवर अवलंबून असे. आता ते वर्ष एप्रिलपासून धरतात, हा माझ्या मते निधी वाढवण्याइतकाच महत्त्वाचा निर्णय आहे. आमच्याकडेही पीककर्ज पेरणी उरकल्यावर हातात पडले की ते खतात न जाता उसनवारी फेडण्यात जाते, हे मी वडिलांच्या शेतीत पाहिले आहे. त्यामुळे आपण देशांची तुलना करणार असाल, तर रकमेच्या शेजारी खत शेतकऱ्याच्या हाती पडल्याची तारीख लिहा. शिवाय निधीचा किती भाग मक्याच्या खतातच संपतो आणि संशोधन, कृषी सहायक, सिंचन यांना काय उरते, तेही पाहा.

अनुदान वाया गेले, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कृपया काढू नये. सुरुवातीच्या वर्षांत मक्याचे उत्पादन खूप वाढले आणि 2007 मध्ये मलावीने झिम्बाब्वेला मका विकला. त्यात चांगल्या पावसाचाही वाटा होता. माझा अनुभव एका जिल्ह्यातील एका गोदामापुरता आहे, हेही मान्य करतो. तरीही माझे त्या वेळचे वरिष्ठ हे वाचत असतील, तर त्यांना मला विचारायचे आहे की त्या दिवशी अर्ध्या कूपनावर त्या बाईला युरिया दिला असता, तर हिशेबात नेमके काय बिघडले असते?