मोजा वर ओढणारा नट

प्रिय दोस्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. विज्ञान-भयकथेची मालिका, वेड्या शास्त्रज्ञाचा मदतनीस, एकूण चार सीन, दुसऱ्या भागाच्या शेवटी खल्लास. ‘काका, घेऊ का? की परत मढंच व्हायचं?’ मागच्या तीन कामांत तू दोनदा प्रेत झालास, त्यामुळे हसणं बरं नव्हतं. थोडा हसलो.

उत्तर देण्याआधी तुला एक नट दाखवतो. ड्वाइट फ्राय. युनिव्हर्सल स्टुडिओचा १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ लाव. त्यातला कुबडा मदतनीस फ्रिट्झ म्हणजे हा. बहुतेक लोक त्या कुबड्याला इगोर म्हणतात. इगोर आला १९३९ मध्ये, मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात, आणि तो केला बेला लुगोसीनं. म्हणजे सोंग फ्रायचं, नाव दुसऱ्याच पात्राचं. आपल्या धंद्यात हे असंच चालतं.

तर जिन्याचा सीन बघ. वादळी रात्र, वर प्रेतात प्राण घालायची तयारी चाललेली, आणि नको त्या वेळी दारावर थापा. फ्रिट्झ खाली येऊन पाहुण्यांना हाकलतो आणि कुरकुरत पुन्हा दगडी जिना चढायला लागतो. हातात आखूडशी काठी, तिच्यावर टेकायचं तर आणखी वाकावं लागतं. मध्येच तो थांबतो. मोजा वर ओढतो. मग चढू लागतो. बस. कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण हा माणूस त्या बुरुजात राहतो, रोज पन्नास वेळा हा जिना चढतो आणि त्याचा मोजा रोज घसरतो, हे सगळं मला त्या दोन सेकंदांत कळलं. ही कल्पना त्याची की दिग्दर्शक जेम्स व्हेलची, या भानगडीत तू पडू नकोस. केली त्यानं, आणि हसं वसूल करण्यासाठी केली असं कुठंही वाटत नाही.

त्याच वर्षीच्या ‘ड्रॅक्युला’त तो रेनफिल्ड होता, ड्रॅक्युलाच्या तावडीत सापडून वेडा होणारा. सुरुवातीला व्यवस्थित टोपी घातलेला, कामाचे कागद घेऊन आलेला गृहस्थ. नंतर जहाजाच्या तळाशी, जिन्याखालून वर बघत हसणारा वेडा. याचा तुला गृहपाठ देतो. युनिव्हर्सलनं तेव्हा त्याच सेटवर रात्री स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ही चित्रित केला होता. त्यात रेनफिल्ड पाब्लो आल्वारेझ रुबिओचा. दोन्ही हसणी लागोपाठ ऐक. रुबिओ मोकळा सुटतो, किंचाळतो. फ्राय हसू दातांमागे दाबून धरतो, ते नाकातून आणि घशातून गळत राहतं. मला फ्रायची जास्त भीती वाटते. तुला उलटं वाटलं तर भांडू.

आता तुझी दुसरी भीती, शिक्का बसण्याची. बसतोच रे. वाईट काम करणाऱ्यावर बसत नाही, ही खरी गंमत. फ्राय मूळचा रंगभूमीचा. १९२२ मध्ये न्यूयॉर्कला इटालियन नाटककार पिरांदेल्लोच्या ‘सहा पात्रं’ नाटकात त्यानं मुलाची भूमिका केली होती, विनोदीही बरंच केलं होतं. पण ते दोन चित्रपट आले आणि हॉलिवूडला त्याच्यात फक्त वेडा दिसू लागला. १९३३ मध्ये गावातला खुळा. १९३५ मध्ये ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये प्रेतं आणि काळीज पुरवणारा कार्ल, त्यातलंही त्याचं एक उपकथानक संकलनात उडालं. चाळिशीच्या दशकात त्याच मालिकेत तो गावकऱ्यांच्या गर्दीपर्यंत आला.

मी एका नाटकात दारुडा बरा वठवला आणि पुढची अकरा वर्षं मला दारुडेच आले. एका निर्मात्यानं तर पानसुपारीच्या कार्यक्रमात मला चहासुद्धा विचारला नाही. ‘तुम्ही कुठं चहा घेता!’ म्हणाला. यावर उपाय मला एवढाच सापडला: अशी दोन कामं झाली की एक पूर्ण उलटं काम करायचं. एकांकिका असो, चाळीस प्रेक्षक असोत, पैसे नसोत. निदान आपल्याला तरी आपण विसरायला नको.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्राय रात्री विमानांच्या कारखान्यात अवजारांचे आराखडे करायचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यावरच्या ‘विल्सन’ या मोठ्या चित्रपटात त्याला युद्धमंत्री न्यूटन बेकरची भूमिका मिळाली होती. कुबड नाही, खुळेपणा नाही, सरळ कोट-टाय. ती व्हायच्या आधीच, ७ नोव्हेंबर १९४३ ला, हॉलिवूडमध्ये बसमध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय ४४. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला होता अवजारांचे आराखडे करणारा.

ही गोष्ट लोक गळा काढून सांगतात. मला त्यात रडण्यासारखं अर्धंच दिसतं. रात्रपाळी करून बायकोमुलाला पोसण्यात कसला पराभव? तूही कॉल सेंटरची पाळी ऑडिशनला लपवतोस, ते बंद कर. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा: दुखणं त्यानं घरच्यांपासून लपवून ठेवलं. मागच्या महिन्यात शूटिंगला तुला चक्कर आली होती, हे मला तुझ्या आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. या आठवड्यात रक्तदाब तपासून ये आणि आकडा मला कळव.

आणि हो, काम घे. संहिता आली की त्या मदतनिसाला रात्री झोपायला जागा कुठं आहे ते विचार. लेखकाला माहीत नसेल तर तू ठरव. कुबड लावणार असतील तर पहिल्याच दिवशी मेकअपवाल्याकडून कुठला खांदा ते पक्कं करून घे, फोटो काढून ठेव. सीन उलटसुलट क्रमानं होणार, आणि तिसऱ्या दिवशी कुबड दुसऱ्या खांद्यावर गेलं तर शिव्या तुलाच पडतील.

तुझा,
काका