गाडी एकाच कडेने टायर खात असेल तर

तुम्ही लिहिलंय की 22 हजार किलोमीटरवरच पुढच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली, उजवा मात्र ठीक आहे, आणि दुकानदार चारही टायर बदलायला सांगतोय. चार कशाला? आधी तो डावा का झिजला ते शोधा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

टो (पुढची चाकं समोरून एकमेकांकडे किंवा बाहेर किती वळलीत ते) बिघडला तर पुढचे दोन्ही टायर सहसा सारखेच झिजतात. हाताने कळतं ते: नक्षीवरून आडवा तळवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो गेलाय. तुमचा एकटा डावा, तोही फक्त आतून खातोय. म्हणजे बहुतेक चाक वरून आत कललंय. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश, त्याला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट नाहीतर स्ट्रट (शॉकअपचा खांब), यातलं काहीतरी वाकलंय किंवा ढिलं झालंय.

माझंही असंच झालं होतं. सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) केली, दोन्ही वेळा स्क्रीनवर सगळं हिरवं. शेवटी गावातल्या मेकॅनिकने गाडी जॅकवर घेऊन लोअर आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि नुसती उचकटली, तर अख्खा आर्म बोटभर सरकला. बुशचं रबर फाटून लोंबत होतं. उभ्या गाडीत माप बरोबर येतं, ब्रेक मारला की चाक वाटेल तिकडे सरकतं.

डावीकडचंच का, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. समोरून एसटी आली की डावं चाक डांबराखाली उतरवायचं आणि ती गेली की वर चढवायचं. पावसात साइडपट्टी वाहून गेलेली असते, मग ती वीतभर पायरी रोज त्याच चाकाला बसते. चढताना स्टिअरिंग वळवून टायर कडेवर घासू नका, जमेल तितकं सरळ आणि हळू घ्या.

हवेचं म्हणाल तर आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाला सगळ्यांना 35 भरतो, ते सोडा. हवा सकाळी, थंड टायरमध्ये बघायची. आंबा घाट उतरून साखरप्याला थांबलात तर काटा वर दिसणारच, तेव्हा हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी कमी भरेल. कायम कमी हवा असली की दोन्ही कडा जातात, जास्त असली की मधला पट्टा.

पावसाळ्यात 70-80 वर स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंगला पळण्याआधी रिम आतून धुवा. लाल चिखल आत सुकून बसतो आणि चाक जड होतं एका बाजूला. मी एकदा पावशेर तरी ढेकूळ खरवडून काढलं होतं.

बुश खराब निघालाच तर डाव्या-उजव्याचे दोन्ही बदला, मगच अलाइनमेंट करा आणि आधीचं-नंतरचं प्रिंट मागून घ्या. त्यात पुढच्या दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये (चाक वरून आत-बाहेर किती कललंय त्यात) मोठा फरक राहिला तर बहुतेक स्ट्रट वाकलाय. बऱ्याच छोट्या गाड्यांना कॅम्बर सेट करायची सोयच नसते, आणि टो बदलून कॅम्बर सुधारत नाही, त्यामुळे त्यावर 'टो मारून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. टायर दोनच घेतलेत तर नवे मागे बसवा. दुकानदार पुढे बसवायला निघेल, ऐकू नका. ओल्या घाटात मागचं चाक सुटलं की गाडी फिरते, आणि ती सावरायला आपल्या रस्त्यांवर जागा नसते.