मालिकेत चरित्र भूमिका करून घर चालतं का?

फोंड्यात नोकरी, नाट्यस्पर्धेत अभिनयाची दोन बक्षिसं, वय ३८, आणि मालिकेत काका-मामा करून घर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. नाही चालणार. नोकरी सोडू नका.

आता माझं ऐका. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणं बंद झाली आणि मालिकांची युनिटं गोव्यात उतरली. एका मालिकेतला नायिकेचा मामा ऐनवेळी आजारी पडला, मी उभा राहिलो. मे लागताच गोवा सरकारने परवानग्या काढून घेतल्या, युनिट गेलं. जूनमध्ये मुंबईत काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मलाही बोलावणं आलं. बिनपगारी रजा टाकली, कोकणकन्या पकडली, गोरेगावला कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती एक खाट भाड्याने घेऊन राहिलो.

पहिल्याच आठवड्यात सीन संपल्यावर असिस्टंट म्हणाला, "मामा, जरा रिअ‍ॅक्शन देऊन ठेवा." भिंतीपुढे उभं केलं. डावीकडे बघून धक्का. उजवीकडे बघून धक्का. संशय, काळजी, सुटकेचा श्वास. वीस मिनिटांत आटोपलं. मला वाटलं, पोरगा कामसू आहे. पुढे तो धक्का चार महिने पुरवला त्यांनी. घरात कुणाचं लग्न मोडो, कुणी जिन्यावरून पडो, निळ्या कुर्त्यातला मामा डावीकडे बघून दचकणार. आणि मी कॉटवर आडवा, फोनची वाट बघत.

कारण पैसे दिवसावर. बोलावलं तर दिवस भरला. त्यातून काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन, १० टक्के टीडीएस, आणि चेक ९० दिवसांनी.

जत्रेला गावी आलो तर मेव्हणा मांडवात चारचौघांसमोर म्हणतो, "भावोजी, तुमी सदांच टीव्हीर दिसतात, मागीर पयशे खंय?" मुलीच्या फीसाठी त्याच्याकडूनच उसने घेतलेले, म्हणून गप्प बसलो. बायकोलाही वाटायला लागलं, हा मुंबईत काहीतरी लपवतोय.

अभिनयाचं म्हणाल तर स्पर्धेची बक्षिसं तिथे कुणी विचारत नाही. उपयोगी पडतं ते आपलं उत्सवी नाटक. दोन तालमी आणि विंगेतला प्रॉम्प्टर यांच्या जिवावर रात्र काढलेला माणूस सेटवर बुडत नाही. तिथेही संवाद गरमागरम येतात आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी ओळी पुरवत असतं. आवाज तेवढा खाली आणा. शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकवायचं नसतं.

हे सगळ्यांना लागू नाही, बरं का. पात्र मालिकेतल्या मुख्य घरातलंच असेल तर महिन्याला वीस दिवसही भरतात, आणि सासवा-आयांना आमच्याहून जास्त काम. घरात दुसरा पक्का पगार असेल आणि रजा मिळत असेल तर वर्षभर बघा करून.

आणि माझा मेव्हणा हे वाचणारच आहे, म्हणून: चार महिन्यांत माझे दिवस भरले २२. तुझे उसने त्यातूनच फेडले. व्हाउचरांच्या झेरॉक्स कपाटात आहेत, ये आणि मोज.