शिकागो ब्लूज ऐकायला घेतोयस? आधी मडी वॉटर्स

ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाणं, तू गिटारवादक बडी गाय (Buddy Guy) याच्यापासून ऐकायला सुरुवात केलीस, हरकत नाही. पण आता मागे जा. मडी वॉटर्स या गायक-गिटारवादकाची १९४१ची ध्वनिमुद्रणं ऐक. मिसिसिपीत स्टोव्हॉलच्या कापूसमळ्यावर अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकाने केलेली. साधी गिटार, आणि सन हाउस या आधीच्या पिढीतल्या ब्लूज गायकाकडून उचललेला ढंग. मग लगेच त्याचं पन्नाशीच्या दशकातलं चेस या रेकॉर्ड कंपनीसाठीचं काम लाव. १९४३मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या बारच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाणार कशी? म्हणून इलेक्ट्रिक. वळणं मात्र गावचीच. त्याच्या साथीदाराचा, लिटल वॉल्टरचा, माउथऑर्गन नीट कान देऊन ऐक, अ‍ॅम्प्लिफायरमधून तो जवळजवळ सॅक्सोफोन वाटतो. सोलो पाठ करायची घाई नको (सगळे तिथेच अडकतात). आधी गायलेली ओळ आणि गिटारने तिला दिलेलं उत्तर पकड. शिकागोचाच दुसरा गायक हाउलिन वुल्फ त्यानंतर. तो आवाज पचायला वेळ लागतो.