तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांचा एच-इंडेक्स ४ आहे. दर्यापूरला राहून भौतिकशास्त्रात पीएचडी करायची, तर त्यांना गाइड घ्यावं का?

घ्या, नुसत्या ४ वरून नाही म्हणू नका. कॉलेजच्या लायब्ररीत हे आकडे मीच काढून देतो, म्हणून सांगतो. ४ म्हणजे किमान ४ पेपर असे, की प्रत्येकाचा उल्लेख इतर पेपरांत ४ वेळा तरी झालाय. समजा उल्लेख ३०, ९, ५, ४, २ आहेत, तर इंडेक्स ४. त्या ३० चे ३००० झाले तरी ४ च! २००५ मध्ये ही मोजणी काढली ती होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानेच. पण सैद्धांतिक पेपरवर दोन-तीन नावं असतात, आणि हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या प्रयोगाच्या पेपरवर ५ हजारांवर, आणि पेपर त्या प्रत्येकाच्या इंडेक्समध्ये धरला जातो. अशा दोघांचे इंडेक्स एकमेकांशी ताडणं म्हणजे ओलिताच्या वावराचा एकरी उतारा कोरडवाहूशी लावण्यातला प्रकार. त्यात पेपर नि उल्लेख मोजणाऱ्या दोन साइटींपैकी गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपसपेक्षा बहुधा जास्तच दिसतो, तेव्हा ४ कुठला तेही पाहा.

एक मात्र आहे: गेल्या पाच वर्षांत सरांचा एकही पेपर नसेल, तर आधी त्यांना भेटून सध्या कशावर काम चाललंय ते विचारा.