त्याची आठवण येते म्हणजे माझंच चुकलं का?

"ताई, नऊ वर्षांचा संसार सोडून आठ महिने झाले, साताऱ्याला भावाकडे राहते, नोकरी लागली. नवऱ्याने कधी हात उचलला नाही पण रोज भाजीच्या पैशांचा हिशोब द्यावा लागायचा, फोन तपासायचा, मनाविरुद्ध झालं की आठ-आठ दिवस अबोला, एकदा मी तापाने फणफणले होते तरी तिसऱ्या दिवसापर्यंत एक शब्द नाही. मग एके दिवशी हसत भेळ घेऊन यायचा. आता सगळं सुटलंय तरी खाली बाईक थांबली की पोटात गोळा येतो, हिशोबाची वही अजून लिहिते, आणि रात्री त्याची आठवण येऊन रडते. दागिने तिकडेच राहिलेत, त्याचे रात्री मेसेज येतात. लोक म्हणतात, मारत तर नव्हता ना? माझंच चुकलं का?"

अगं, नाही चुकलं. हे आधी सांगते कारण बाकीचं वाचताना तुझा जीव त्यातच अडकून राहील.

तुला आठवण येते ती भेळ घेऊन येणाऱ्या माणसाची. पण तो यायचा कधी, तर आठ दिवस तुला भिंतीसारखं वागवून झाल्यावर. अबोला सुटला की जे हायसं वाटायचं ना, त्यालाच आपण प्रेम समजायला लागतो, आणि ते कधी मिळेल याचा नेम नसतो म्हणून मन आणखीनच तिथे घुटमळत राहतं. हे तुझ्या एकटीचं नाही गं, अशा घरातून बाहेर पडलेल्या कितीतरी बायका मला हेच लिहितात आणि प्रत्येकीला वाटतं की आपणच वेड्या. रात्री आठवण दाटून आली की मोबाईलमध्ये अबोल्याचा एक दिवस लिहून काढ, जसा घडला तसा. तू तापाने फणफणली होतीस आणि तो तिसऱ्या दिवसापर्यंत एक शब्द बोलला नाही, हे तुझ्याच पत्रात आहे. भेळ आठवली की हेही वाचायचं.

आणि बाईकचं म्हणशील तर, आवाजावरून आज त्याचा मूड कसा आहे हे ओळखायला तुझं शरीर नऊ वर्षं शिकलंय, ते आठ महिन्यांत कसं विसरेल. मी माझं घर सोडलं तेव्हा दीड वर्ष लॅचच्या आवाजाला दचकायचे, तव्यावरची पोळी करपायची तरी हात हलायचा नाही. मी मग एक करायचे, उठून दार उघडून बघायचे कोण आलंय. तूही गॅलरीत जा, खाली बघ आणि मोठ्याने बोल, "ही शेजारच्या काकांची गाडी आहे, मी साताऱ्यात आहे." सुरुवातीला बावळटासारखं वाटेल, पण हळूहळू फरक पडतो.

"मारत नव्हता ना" म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नकोस, "मला यावर बोलायचं नाही" एवढंच म्हण आणि विषय बदल. पण तुला स्वतःला माहीत असू दे, की आपला कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चा, त्यात मानसिक, शाब्दिक आणि आर्थिक छळसुद्धा हिंसाच धरलाय. म्हणजे तू सहन केलंस त्याला कायद्यातही नाव आहे. तुझे दागिने तिकडे राहिलेत असं लिहिलंयस, ते तुझं स्त्रीधन, त्यावर तुझाच हक्क. कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बायकांना वकील मोफत मिळतो, पगार किती याची अट नाही. त्याचे रात्रीचे मेसेज डिलीट करू नकोस, उपयोगी पडतील, फक्त म्यूट कर आणि रात्री उत्तर देऊच नकोस, जे बोलायचं ते वकिलामार्फत.

कधी फारच खोल जायला लागलीस, जगावंसं वाटेना, तर वहिनीला रात्री दोन वाजता उठव, आणि १४४१६ ला फोन कर, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तो धमकावायला लागला तर १८१, महिला हेल्पलाइन. हे दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह कर प्लीज.

राहिली वही. "कोथिंबीर १०, दोडका २०, टोमॅटो ३०" असं अजून लिहितेस आणि खाली बेरीज करतेस, बघायला कोणी नसताना. हे वाचून मला भरून आलं गं. वही लगेच फेकून दे असं मी म्हणणार नाही, हाताला सवय आहे, राहू दे थोडे दिवस. या आठवड्यात फक्त बेरीज करू नकोस. आणि शनिवारी मंडईतून येताना एक गजरा घे, स्वतःसाठी, त्याचे पैसे वहीत लिहायचे नाहीत. मग मला कळव.

तुझी ताई