मन अस्वस्थ झालं की हात आपोआप मोबाईलकडे जातो. काय करावं?

कंटाळा आला म्हणून मोबाईल घेणं वेगळं, आत काहीतरी टोचतंय म्हणून घेणं वेगळं. तुमचं दुसरं दिसतंय.

वडील गेले त्या वर्षी मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स बघायचो. काय बघितलं विचाराल तर एक सांगता येणार नाही. टीव्हीशेजारी त्यांच्या चष्म्याची डबी तशीच पडलेली. तिच्याकडे नजर गेली की अंगठा आणखी जोरात चालायचा.

यामागची गंमत अशी, की स्क्रीन उघडली की बोचणी त्या क्षणी खरंच कमी होते. त्रास टळला, म्हणून सवय आणखी पक्की होते. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. दुःख मात्र जिथल्या तिथेच.

मोबाईल सोडायची शपथ वगैरे घेऊ नका, चार दिवस टिकते. लॉक उघडण्याआधी एक शब्द मनात म्हणा: राग, लाज, आठवण, जे असेल ते. मग दहा मिनिटं थांबा. ती ओढ चढते तशी उतरतेही. मी फोन घरी ठेवून सांगलीच्या आयर्विन पुलावर जायचो. १९२९ सालचा पूल, खाली कृष्णा. पहिल्याच संध्याकाळी रडू फुटलं. भडंगवाला टक लावून बघत होता. म्हटलं, बघू दे.

झोप, जेवण, काम बिघडत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.